आईला घरी न्या

छोर्मा, लाहौल
११ फेब्रुवारी १९८६

प्रिय तोब्दनदादास,
पल्मोचा सा. न. वि. वि.

तीन दिवस बर्फ थांबलेलं नाही. गच्चीवरचं ढकलून रिग्झिनचे खांदे भरून आलेत. म्हणतो, बायकोचा भाऊ मात्र कुल्लूत उन्हाला बसून लठ्ठ होतोय!

मामांनी घरामागच्या उतारावर खड्डा खणून दाखवला. पौषातलं बर्फ कोरड्या थंडीनं जाड्या साखरेसारखं सुटं झालंय, त्यावर हा कमरेएवढा नवा थर. डोंगराच्या धारेवर वाऱ्यानं आणखी रचलंय. मामा म्हणाले, ऊन पडलं की सगळं एकदम सुटेल. भूर्जाची झाडं आपणच सरपणाला तोडली, नाहीतर त्यांनी धरलं असतं.

म्हणून काल आईला उचलून ओढ्यापलीकडे मामांकडे आलो. ती कुरकुरतेय. काय करू, कळव.

तुझी पल्मो


कुल्लू
१९ फेब्रुवारी

चि. पल्मोस अनेक आशीर्वाद.

खिंड बंद असल्यानं पत्र आजच्या हेलिकॉप्टरनं मिळालं. अगं, मामा दर हिवाळ्यात डोंगर कोसळवतात आणि डोंगर आपला जागच्या जागी! आपल्या घरावर आजोबांपासून कधी काही आलेलं नाही. मामांच्या धुरकट खोलीत आईचा दमा मात्र नक्की वाढेल. बर्फ थांबलं असेल तर तिला घरी न्या. रिग्झिनला सांग, लठ्ठ असलो तरी पंज्यात हरवीन.

तुझा दादा


छोर्मा
५ मार्च

दादा,
नमस्कार.

रेडिओवर ऐकलं असशीलच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी लख्ख ऊन होतं. आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि तोब्दन म्हणतो तर चला, असा हट्टच धरला. मामांनी हात जोडले. रिग्झिननं तिला पाठीवर घेतलं. मी अंथरुणं घेऊन मागून निघाले; ते दोघं घराशी पोचले तेव्हा मी ओढ्यापर्यंतच आले होते. वर बंदुकीसारखा आवाज झाला. धारेखाली आडवी भेग पडली आणि अख्खा उतार सुटला. आधी वारा आला, त्यानं मला आडवं केलं. डोळे उघडले तर घर नव्हतं.

मामांनी लांब काठ्या खुपसत दोन दिवस शोधलं. आईचा देह सापडला. रिग्झिनचा नाही. आता वैशाखात, बर्फ वितळेल तेव्हा, म्हणतात.

तुझ्यावर राग नाही, एवढंच लिहायला बसले होते. तेच लिहवत नाही. मीही कुठे अडवलं होतं? खिंड उघडली की ये. तोवर लोभ तुटू देऊ नकोस.

पल्मो