आण्णांच्या ट्रकचा रंग

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी १९७९

ती. आक्कास,
सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

माई आणि मी खुशाल आहोत. आता हे बसून वाच. आण्णांचा ट्रक सापडला, असं मला वाटतंय.

एका गुऱ्हाळवाल्यानं जुनी गाडी रंगवायला आणली आहे. पहिला कंपनीचा रंग असंल तोच द्या पावणं, म्हणाला. नंबर बदललेला, कागद हरवलेले. मलकापूरच्या भंगारातनं घेतली, एवढंच त्याला ठाऊक. आण्णांचा अपघात झाला तो घाट मलकापूरच्या पुढंच की. गाडीचं नाकही तसंच लांब.

दारावर पाणी मारून पॉलिश पेपर फिरवला. लाल निघाला, मग पिवळा, मग राखी आणि सगळ्यात तळाला निळा. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी कडी. मी हातातला पेपर विसरून बघत बसलो. आण्णा गेले तेव्हा मी चार वर्षांचा. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, आठवतो तो निळा रंगच. माईला अजून बोललो नाही. तू सांग, आपलीच ना ही?

मुरगूडची माया इकडे वळती असू दे.
तुझा सयाजी

मुरगूड
१६ जानेवारी १९७९

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला मी वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

पण आपली गाडी हिरवी होती रे. विहिरीतल्या शेवाळासारखी. आतली गादी कॉफी रंगाची. उन्हानं तापली की तिला गुळाचा वास यायचा आणि मी तिच्यावर झोपून जायची. अजून डोळे मिटले की गाल चिकटतो.

रंगारी तू आहेस, तरी विचारते. तळाचा रंग कंपनीचाच कशावरून? मध्ये कुणी पत्रा उघडा करूनही रंगवला असेल. इंजिनामागे एक छोटी पत्र्याची पट्टी असते. आण्णा तिच्यावर माझं बोट ठेवून अंक शिकवायचे. एक आकडा रंगाचा, दुसरा ट्रिमचा, म्हणजे आतल्या गादी-अस्तराचा. ती शोध. आपल्या गाडीचे आकडे मात्र मी विसरले, रागावू नकोस.

आणि जेवत जा वेळेवर. रंगाचा डबा दिसला की तुझी भाकरी कावळ्यांची, हे लहानपणापासूनचं.

आशीर्वाद आहेतच, पत्र तेवढं लवकर टाक.
तुझी आक्का

शाहूपुरी, कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९७९

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पट्टी सापडली. गंजावर दोन दिवस रॉकेलचा बोळा ठेवला, तेव्हा आकडे वर आले. रंग ३४, ट्रिम ७. पुण्याला कंपनीचे एक म्हातारे एजंट आहेत, त्यांना लिहिलं. त्यांनी जुनं शेड कार्ड बघून कळवलं, चौतीस म्हणजे निळा, सात म्हणजे काळी गादी. दाराच्या रबराखाली ऊन कधी पोचलेलं नाही, तिथंही तोच निळा, अगदी कालचा वाटावा असा. गादीच्या खिळ्याखाली काळं रेक्झिन निघालं. म्हणजे गाडी कारखान्यातनंच निळी निघालेली.

मी नाचायला हवं होतं. पण तुझी कॉफी रंगाची गादी आडवी आली. शेवटी माईला सांगितलं.

अठ्ठावीस वर्षं ती ट्रकजवळ उभी राहिली नव्हती. रिक्षानं आली. चप्पल खाली काढून केबिनमध्ये चढली, स्टिअरिंगवर हात फिरवला आणि काचेतनं समोर बघत राहिली. मग म्हणाली, ही न्हाय रं बाळा. आपली हिरवी हुती. तू त्यांच्या मांडीवर बसायचास, तिथनं तुला नुसतं आभाळ दिसायचं की.

आक्का, मी तिला म्हटलं, हिलाच हिरवा देतो, मालकाला काय कळणार? माई माझ्यावर खवळली. म्हणाली, हिचा रंग हिलाच दे. ही बी कुणाच्या तरी दारात उभी ऱ्हायली असंल. त्येंच्या पोरांनी वाटंत बघितली तर वळकाय नको?

आज सकाळी चौतीस नंबर कालवला. पहिला हात मारताना माई बाकड्यावर बसून होती. आण्णा गाडी कशी धुवायचे, घाट उतरताना कुठली ओवी म्हणायचे, सगळं सांगत होती. मला हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. तू रविवारी ये. अजून सांगतेच आहे.

वाट बघणारा,
सयाजी