साहेबांचं नाक

बाबा, मी बिअरवर लिहिते. पिते म्हणूनच लिहिते, हे ओघानं आलंच. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी आता सत्तेचाळीसची आहे, तरी हे वाक्य लिहिण्याआधी मी उठून आईच्या खोलीचं दार लोटून आले. आईला वाटतं, मी इंटरनेटवर खाद्यपदार्थांबद्दल काहीतरी लिहिते. शेजारणीला ती तसंच सांगते, "नोकरी सांभाळून लिहिते हो, खाण्यापिण्यावर." ती असं म्हणाली की मी पाणी आणायला उठते.

नोकरी तुम्हाला माहीत होती तीच आहे. कंपनी बदलली, इमारत हिंजवडीला गेली, पण काम तेच, दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी हौसेनं पुन्हा तेच करायचं, असं माझं चालतं. स्वतःच्या घरात गाणी रेकॉर्ड करणारे बँड, भुताचे सिनेमे आणि हॉटेलातच तयार होणारी बिअर, या तीन गोष्टींवर मी परीक्षणं लिहिते. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं लोक विचारतात. मलाही नीट सांगता येत नाही. तुमच्या काळी बिअर म्हणजे शहराबाहेरचा एक कारखाना आणि कर चुकवून माल बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या टाकीला लावलेलं तुमचं सरकारी कुलूप. आता मुंढव्यात, बाणेरला जेवायला गेलं की काचेमागे टाक्याच दिसतात, आणि लोक आपल्या मुलांना त्या दाखवतात.

दारूवरच्या कराच्या खात्यात तुम्ही होतात, याची मला लहानपणी लाज वाटायची की अभिमान, हे आता आठवत नाही. रविवारी सकाळी येरवड्याच्या क्वार्टर्समधून आपण तिघं विहारात जायचो. पंचशील म्हणताना मद्य न पिण्याचं पाचवं शील आलं की मी डोळे किलकिले करून तुमच्याकडे पाहायचे. तुम्ही इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणायचात. सोमवारी स्कूटर काढून तुम्ही पुन्हा त्या कारखान्यात. एकदा मी विचारलंच, तर म्हणालात, "मी पीत नाही, मी कुलूप लावतो." आईला ते उत्तर फार आवडलं होतं. तिनं ते पुढे अनेकांना ऐकवलं.

वंदना झाली की आई महिला मंडळासाठी तिथंच थांबायची आणि आपण दोघं घरी येऊन पडदे ओढून घ्यायचो. भर दुपारी, पंखा गरगरत असताना, लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर आपण भुताचा सिनेमा पाहतोय. तुम्ही खुर्चीवर पाय वर घेऊन बसला आहात. भूतबित काही नसतं हे मला शिकवणारे तुम्हीच, आणि पडद्यावर नुसतं दार करकरलं की "बाई, थांबव जरा, पाणी पिऊन येतो," म्हणणारेही तुम्हीच. घाबरलात हे लपवायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. चहा पिताना सरळ सांगायचात, तो जिन्याचा प्रसंग होता ना, तिथं मी पार घाबरलो. माझी सिनेमाची परीक्षणं आजही मी त्याच मापानं लिहिते. कुठं घाबरले ते लिहायचं, नाही घाबरले तर तसं लिहायचं. ती परीक्षणं खरी आहेत, बाबा. बँडवरचीही खरी आहेत. हे आधी सांगून ठेवते.

बँडवरचं पहिलं परीक्षण मात्र खरं नव्हतं, आणि ते तुम्ही पकडलं होतंत. कॉलेजच्या अंकात माझ्या वर्गातल्या मुलांच्या बँडवर मी दोन पानं लिहिली होती. शेवटच्या गाण्यात ड्रमवाल्यानं कशी कमाल केली, याचा त्यात एक अख्खा परिच्छेद होता. छापून आलं म्हणून मी तो अंक तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही सावकाश वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "साडेसातला तुला मीच घ्यायला आलो होतो. तेव्हा ते पोट्टे वायरीच जोडत होते." मी म्हटलं, मैत्रिणीनं सांगितलं सगळं. तुम्ही चिडलात की ऑफिसची भाषा सुटून गावाकडची यायची, तशी आली. "ऐकलं नाही तं लिवलं कायले? उद्या कोनी तुयावर भरोसा ठेवला तं?" त्यानंतर चार दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी टेबलावर एक छोटा टेपरेकॉर्डर होता. तेव्हा बाजारात बाहेरच्या वस्तू नुकत्याच उघडपणे मिळू लागल्या होत्या. लवकर निघावं लागलं तर हा मैत्रिणीकडे चालू ठेवून दे, म्हणालात, आणि घरी येऊन ऐक, मग लिही. मला त्या वेळी बोलण्यापेक्षा त्या टेपरेकॉर्डरचीच जास्त शरम वाटली होती.

आता मूळ मुद्द्यावर येते. तीन वर्षांपूर्वी मोठी साथ आली होती. त्या तापात माझा वास गेला. पुष्कळांचा गेला, पण त्यांचा परत आला. माझा नाही आला. हिंगाची डबी हुंगून पाहिली, अगरबत्ती पाहिली, शेवटी बाथरूममधल्या फिनेलच्या बाटलीत नाक घातलं. काही नाही. जीभ शाबूत आहे, कडू, गोड, आंबट कळतं. पण बिअर नाकानं कळते, जीभ नुसती हजेरी लावते. थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. हॉटेलच्या फळ्यावर बिअरचं वर्णन लिहिलेलं असतं. तिथं संत्र्याची साल असं लिहिलं असेल तर मी मोसंबी लिहायचे, म्हणजे नक्कल वाटायची नाही. कोणाला काही कळलं नाही. उलट एकानं लिहून कळवलं की अलीकडे तुमचं नाक जास्तच तीक्ष्ण झालंय.

मागच्या वर्षी मुंढव्यातल्या अशाच एका ठिकाणी एक सत्तरीतले गृहस्थ भेटले. आता नव्या लोकांना सल्ला देत फिरतात. पूर्वी तुमच्या त्या कारखान्यात बिअर बनवण्याचं सगळं त्यांच्याकडे असायचं. बोलता बोलता तुमचा विषय निघाला, तर ते चक्क उठून उभे राहिले. "अहो, तुम्ही साहेबांच्या कन्या? साहेबांच्या नाकाला आम्ही टरकून असायचो." मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत. ते म्हणाले, साहेबांचं काम खरं कुलपाचं, चवीशी त्यांचा संबंध नाही. पण टाकी उघडायच्या आधी एक ग्लास त्यांच्या टेबलावर न्यायची आमची पद्धतच पडली होती. साहेब घोट घ्यायचे नाहीत. नुसता ग्लास नाकाखाली धरायचे, माझ्याकडे बघायचे आणि किल्ली तरी द्यायचे, नाहीतर म्हणायचे, अजून तीन दिवस राहू द्या. "आणि मॅडम, साहेब कधी चुकले नाहीत."

मी घरी येऊन आईला विचारलं, बाबांना वास यायचा का गं? आई पालक निवडत होती. "कसला वास? ते नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून ठणठणाट होता. दूध करपून घर धुरानं भरलं तरी शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होते." ते मलाही आठवतं. मी सातवीत किंवा आठवीत आहे, शाळेतून येते, जिन्यातच करपल्याचा वास येतोय, आणि स्वयंपाकघरात स्टुलावर तुम्ही पेन दाताखाली धरून बसला आहात, पातेलं तुमच्यापासून दोन हातांवर आहे. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा तुम्ही वर पाहिलंत आणि मला विचारलंत, "काय झालं?"

मग कारखान्यात तुम्ही काय करत होतात? मी वर्षभर याचा विचार करतेय आणि माझा नुसता गोंधळ उडतोय. कधी वाटतं, तुम्हाला वास येत होता, पण दारूचा वास चांगला कळतो हे घरात, रविवारी विहारात जाणाऱ्या माणसाला कबूल करायचं नव्हतं. पण मग दुधाचं काय? दूध करपू देण्याइतके तुम्ही नाटकी नव्हतात. कधी वाटतं, काहीच येत नव्हतं आणि त्या गृहस्थांसमोर तुम्ही नुसता ग्लास धरत होतात. मग टेपरेकॉर्डर देणारा माणूस कोण होता? जो माणूस दाराच्या करकरण्याला घाबरलो म्हणून बायको-मुलीसमोर सांगतो, तो नाक गेल्याचं कारखान्यात का सांगत नाही? आणि कधी वाटतं, ते गृहस्थ पुणेरी नसावेत, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची त्यांची रीत असावी. मला तुमचा राग येतो आणि लगेच तुमची फार आठवणही येते. यातलं खरं काय, हे सांगायला तुम्ही तरी हवे होतात.

हे सगळं आता लिहायचं कारण माझा मित्र. अठरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून त्यानं सॉफ्टवेअर तपासलं आणि मग नोकरी सोडून खडकवासल्याच्या रस्त्याला छोटी ब्रुअरी काढली. घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं. दोन महिन्यांपूर्वी त्यानं मला दुपारी बोलावलं. टाकीतून ग्लास भरून दिला आणि म्हणाला, "मला लोणी कढवल्यासारखा वास येतोय गं. बघ जरा. की माझंच नाक गंडलंय?" बिअरला तसा वास आला तर ती जरा कच्ची राहिलेली असते. त्यावर इलाज अगदी साधा, तिला टाकीतच आणखी काही दिवस ठेवायचं, वास आपोआप जातो. मी ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. डोळे मिटले की लोकांचा विश्वास बसतो, हे मी हल्ली शिकलेय. मग घोट घेतला. जिभेला किंचित तेलकट लागलं. ते मला कळलं, बाबा, तेवढं कळत होतं. पण तेलकट लागतंय असं म्हटलं असतं तर त्यानं वासाचं विचारलं असतं आणि पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "नाक गंडलंय तुझं. मस्त झालीये. लाव नळाला."

त्यानं लावली, गिऱ्हाइकांना ग्लास भरून द्यायला लागला. मी शुक्रवारी परीक्षण टाकलं, भरभरून लिहिलं. दोन गिऱ्हाइकांनी ग्लास परत पाठवले, तर यानं मोबाइलवर माझं परीक्षण काढून त्यांना वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाला चार शब्द ऐकवायला आपल्या पुण्यात फारसं धैर्य लागत नाही म्हणा. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसले. मला वाटलं, संपलं.

काल त्याचा फोन आला. पुढची टाकी तयार झाली होती. "पण ती मजा नाही गं या वेळी. अगदी साफ होती, तो वासच नव्हता. तू पास केलेली माझ्या डोक्यात पक्की बसलीये ना, तिच्याशी जुळेचना. दिली ओतून."

"ओतून म्हणजे?"

"म्हणजे गटारात. अख्खी टाकी."

चांगली होती ती, बाबा. त्याच्या वर्णनावरून मला फोनवरसुद्धा कळलं की ती उत्तम होती. ज्या माणसाचं नाक धडधाकट आहे, त्याचा मी स्वतःच्या नाकावरचा भरवसा उडवला आणि त्याला वाईटाला चांगलं म्हणायला शिकवलं. रात्रभर मला तुमचे ते तीन दिवस आठवत राहिले. तुम्हाला वास येत नसेलच, तर निदान अडलं की राहू द्या म्हणायचात. समोरच्याचं तोंड बघून, त्याला स्वतःला खात्री नाही असं दिसलं की किल्ली खिशात ठेवायचात. तुम्ही त्या माणसालाच हुंगत होतात की काय, कोण जाणे. मलाही तेवढंच म्हणायचं होतं, राहू दे अजून थोडे दिवस. त्यानं माझी लबाडीही झाकली गेली असती आणि त्याची बिअरही सुधारली असती. मला ते सुचलं नाही, कारण मला हुशार दिसायचं होतं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटत नाहीये.

खरं तर हे त्याला लिहायला हवं. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही उलट काही बोलणार नाही. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "मी ठरवलंय, आता माझ्या नाकावर जायचं नाही. दर टाकीला तू यायचंस. येशील ना?" नाही म्हणायला एक क्षण पुरेसा होता, आणि माझ्या उत्तरासाठी तो तेवढा थांबलाही होता.

मी हो म्हणाले. गुरुवारी चार वाजता.