त्याच्या बाजूचं बटण

१० डिसेंबर २०२४

पोहोचले! हिंगोलीहून स्वतः गाडी चालवत सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकाठी. निवृत्त झाल्यावर रत्नपालने हा छोटा ट्रक घेतला आणि त्याचं घर करत बसला. टपावर सोलर पॅनल, पलंगाखाली मोठी बॅटरी, तिच्यावर दिवा आणि चहाची किटली. त्याच्या उशाशी पंखा, माझ्यासाठी बॅटरीवर तापणारं ब्लँकेट. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर मार्था माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी सरकवून जायच्या, हे मी त्याला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. त्याने ते लक्षात ठेवलं. ब्लँकेट दोन भागांचं आहे, प्रत्येक बाजूला वेगळं बटण. निघायच्या आधीच तो गेला. म्हणून आज मी एकटी निघाले.

पारुबाई म्हणून एक मासे धरणारी भेटली. दोन मासे देऊन गेली. जाताना म्हणाली, पाण्याला लागून काहून थांबलात, आमी तर शेकोटीसुद्धा बांधाच्या पलीकडंच पेटवतो. कारण विचारलं तर हसली, तुमी शिकलेली माणसं, म्हणाली.

११ डिसेंबर

सकाळी त्याची बाजू गरम होती. बटण चालू. झोपेत माझाच हात लागला असणार. चादर जरा दमट होती, दवाने असेल. बॅटरी बरीच उतरली होती, पण दुपारच्या उन्हात पुन्हा भरली. दिवसभर पाण्यावरचे बगळे बघत बसले. त्याला दाखवावेसे वाटले.

१२ डिसेंबर

काल झोपताना ते बटण बंद करून वर चिकटपट्टी लावली होती. सकाळी पट्टी नीट सोडवून बाजूला ठेवलेली. बटण चालू. उशीला डोक्याचा खळगा.

मी घाबरले नाही. खूप रडले, आणि मग हसले. दिवेलागणीला दार उघडून मोठ्याने म्हटलं, बाहेर का उभा, ये ना आत. तो गेल्यापासून आज पहिल्यांदा दोन कप चहा केला.

१४ डिसेंबर

आभाळ भरून आलंय. ऊन नाही, त्यामुळे बॅटरी भरत नाही. दिवा बंद ठेवला, किटली बंद, माझ्या बाजूचं बटणही बंद. मोबाईलचं चार्जिंग केव्हाच संपलं. फक्त त्याची बाजू चालू आहे. गार पडली तर तो निघून जाईल. थंडीने माझे दात वाजतात, पण शेजारी कुणाचा तरी श्वास आहे.

१५ डिसेंबर

ढग तसेच. मोठी बॅटरी संपत आली. इंजिनाच्या बॅटरीवरून वीज कशी घ्यायची हे त्यानेच मला शिकवलं होतं, आणि तसं कधी करू नकोस, गाडी सुरू होणार नाही, असंही बजावलं होतं. तरी मी वायरी जोडल्या. एकदा तो गेला. दुसऱ्यांदा जाऊ द्यायचा नाही.

१६ डिसेंबर, दुपार

पारुबाई आली. दोन कप बघून मालक आले का, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"बाई, तुमच्या मालकाला थंडी लई वाजायची का?"

मी म्हटलं, छे गं, तो तर डिसेंबरातसुद्धा पंखा लावायचा, एक पाय पांघरुणाबाहेर काढून –

बोलता बोलता थांबले.

"मंग हा कोण उबीला येऊन राहिला?" पारुबाई म्हणाली.

या पाण्यात बुडून राहिलेल्यांना थंडी वाजते, म्हणाली. म्हणून काठावर कुणी शेकोटी करत नाही. ऊब दिसली की येतात. आणि मी तर हाक मारून बोलावलं.

किल्ली फिरवली. नुसती टक टक. माझ्या गुडघ्यांनी बांध चढवत नाही. गावातल्या शेषरावचं ट्रॅक्टर आणते, तंवर दार लावून बसा, असं सांगून पारुबाई पळत गेली.

१६, संध्याकाळ

ट्रॅक्टर नाही. बाहेर धुकं, पाणी कुठं सुरू होतं ते दिसत नाही. पुढच्या सीटवर बसलेय, पायांवर शाल. मधल्या खिडकीतून पलंग दिसतो. ब्लँकेटचा लाल दिवा मंद होतोय –

विझला.

त्याची बाजू आता गार पडत असेल.

पलंग कुरकुरला. खळगा सरकला – माझ्या बाजूला – तिथे मी नाही –

आता खळगा कुठेच नाही.

बांधावर उजेड. ट्रॅक्टरच. अजून लांब आहे –

मी म्हटलं, तू माझा नाहीस. जा. जा ना –

शालीखाली गार. मोजे भिजले. माझ्या पायांना चिकटून दोन पाय. दोन्ही आत. रत्नपालचा एक पाय कायम बाहेर अस