मेहरूणचं बोर कुठून येतं?

१२ जानेवारी, रविवार

परत आला! सगळाच्या सगळा प्रोजेक्ट. हितेंद्र सरांनी पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय — ‘हा निबंध झाला. रिपोर्ट कुठे आहे?’

एम. ए. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट सक्तीचा. विषय मीच मागून घेतला होता, मेहरूणचं बोर. म्हटलं, आपण मेहरूणमध्येच वाढलो, अब्बांची बोरांची लोटगाडी तलावाजवळच उभी असते, आपल्याला काय अवघड! माझं पहिलंच वाक्य — ‘मेहरूणच्या बोराची चव जगात कुठेही मिळणार नाही.’ सरांनी बाजूला विचारलंय, ‘जगात कुठे कुठे जाऊन आलीस?’

सकाळी शिकवणीची पोरं, मग कॉलेज, घरी आलं की अम्मीबरोबर रोट्या. आता हे पहिल्यापासून. जीवच राहिला नाही अंगात.

१५ जानेवारी

दिपमालाला सोबत घेऊन सरांकडे गेले. दिपमाला भडगावची, माझ्या वर्गातली. हिचा प्रोजेक्ट बाइंडिंगलाही गेला!

सर म्हणाले, ‘तुला काय शोधायचंय ते एका वाक्यात सांग. शेवटी प्रश्नचिन्ह आलं पाहिजे.’ मी बोराचा इतिहास सांगायला लागले. ‘प्रश्न?’ मी जमिनीवर, हवामानावर गेले. ‘प्रश्न?’ दिपमाला खाली बघून हसत होती. शेवटी वैतागून म्हटलं, ‘अहो सर, मेहरूणमध्ये बागा तर कुठे दिसत नाहीत, मग एवढं बोर येतं कुठून?’

‘हेच लिही. हा तुझा रिपोर्ट.’

मग सर सांगत बसले. आधी प्रश्न. मग तो कसा शोधला — कुणाला गाठलं, कुठे, काय विचारलं; वाचणाऱ्याला वाटलं तर त्याला तसंच करून बघता आलं पाहिजे. मग काय आढळलं. अर्थ लावायचा तो त्यानंतर. ‘दिसलेलं आणि वाटलेलं यांची भेळ करू नकोस. आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही.’

शेवटी! मी महिनाभर तीच लिहीत होते.

१९ जानेवारी, रविवार

तलावावर फिरले. पाय भरून आलेत. एकेका गाडीवर जाऊन विचारलं, ‘हे बोर मेहरूणचं का?’ सगळे ‘हो’ म्हणाले. एका गाडीवरच्या कमलबाई तर चिडल्याच. ‘पोरी, हाऊ बठ्ठा माल मेहरूणनाच शे! घेवानं व्हई त घे.’ पाव किलो घ्यावं लागलं.

अब्बांच्या गाडीवर गेले नाही. लांबून हात केला.

२१ जानेवारी

सर म्हणाले, ‘तू प्रश्न विचारला नाहीस, उत्तर हातात दिलंस. नाही कोण म्हणेल?’ प्रश्नावली बदलायला लावली. ‘मेहरूणचं का’ हे शेवटी ढकललं. आधी — माल कुणाकडून घेता? तिथे तो कुठून येतो? पूर्वी कुठून आणायचात?

पुन्हा सगळ्यांकडे जायचं. मला तर बोर बघितलं तरी कंटाळा येतो.

२५ जानेवारी

प्रश्न बदलला तर माणसंच बदलली! त्याच कमलबाई आज खाली बसवून बोलल्या. मार्केटातून आणतात. अडत्याकडे बोदवडकडचा माल येतो, कधी आणखी लांबचा. ‘मेहरूणनं नाव सांगं ना, मंग गिऱ्हाईक थांबस.’ बाकीच्यांचंही तेच. कुणाला त्यात लाजही नाही, कुणी लपवतही नाही. विचारणारं हवं.

माझ्या रिपोर्टात पहिल्यांदा काहीतरी सापडलं. आनंद व्हायला पाहिजे होता. झोपून राहावंसं वाटलं.

२६ जानेवारी

आज अम्मीने अब्बांचा डबा माझ्याजवळ दिला. गाडीशी एक बाई विचारत होत्या, ‘चाचा, मेहरूणचंच ना?’ अब्बांनी मान हलवली आणि तोलायला घेतलं. मी डबा ठेवून निघाले.

३० जानेवारी

तक्ता तयार. वर लिहिलं — ‘तलाव परिसरातील सर्व बोरविक्रेते’.

सर्व. एक सोडून.

३ फेब्रुवारी, सोमवार

सरांनी तक्ता पाहिला. म्हणाले, ‘उद्यानाच्या फाटकापाशी एक निळी गाडी असते. उंच गृहस्थ, टोपीवाले. मी त्यांच्याकडूनच घेतो. ते यात नाहीत.’

मग सांगितलं, माझे वडील आहेत.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘मग “सर्व” हा शब्द खोटा आहे. तो काढ, आणि एक विक्रेता का वगळला ते मर्यादांमध्ये लिही. नाहीतर त्यांना विचार. नावं आपण छापतच नाही, विक्रेता क्रमांक एवढंच.’

मी बोलून गेले, ‘तुम्हाला सोपंय सर! मला संध्याकाळी त्यांच्याच घरी जायचंय.’

एवढं कसं बोलले मी! सर चष्मा पुसत बसले.

६ फेब्रुवारी

मर्यादा लिहिल्या. ‘एक विक्रेता संशोधकाचे वडील असल्यामुळे त्यांची माहिती घेतली नाही.’ वाचून बघितलं. असं वाटतंय, जणू अब्बा चोर आहेत आणि मी त्यांच्यावर पांघरूण घालतेय! सगळ्यांना विचारलं, त्यांची बाजू ऐकली. अब्बांना एका शब्दाने न विचारता निकाल देऊन मोकळी झाले.

खोडलं.

९ फेब्रुवारी, रविवार

विचारलं.

दुपारी गर्दी नव्हती. प्रश्नावलीचा कागद बाहेर काढला, तर अब्बांनी टोपी सारखी केली, हात पुसले. मला कसंतरीच झालं. म्हटलं, ‘अब्बा, नाव नाही येणार. आणि नाही सांगायचं तर नका सांगू. हेही सगळ्यांना म्हणते मी.’

‘कमलबाईला विचारलंस, त्या पलीकडच्या गाडीवरच्या निंबाला विचारलंस. मी म्हटलं, माझा नंबर कधी येतो!’

वाट बघत होते! एवढे दिवस.

माल कुणाकडून? त्याच अडत्याकडून. कुठला? बोदवडकडचा जास्त करून. मेहरूणचा म्हणून विकता? अब्बा एक बोर उचलून बोटांत फिरवत राहिले.

‘मी म्हणत नाही. लोक विचारतात, मी मान हलवतो. म्हणजे म्हणतोच.’

माझं पेन थांबलं. तर म्हणाले, ‘लिख दे, बेटा. काय को डरती?’

‘पूर्वी कुठून आणायचात’ हा प्रश्न राहिला. तेवढ्यात शाळेची सहल आली, पोरांनी गाडीला गराडा घातला. त्या रकान्यात ‘माहिती नाही’ लिहिलं.

१२ फेब्रुवारी

‘सर्व’ हा शब्द आता खरा आहे. संशोधनाची पद्धत या भागात सरळ लिहिलं की एक विक्रेता माझे वडील आहेत. सरांनी त्याखाली रेघ मारली — चांगली रेघ. त्या सोमवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, तर म्हणाले, ‘कुठल्या?’

१७ फेब्रुवारी

चर्चेचा भाग तीनदा परत. बागा का गेल्या यावर मी लिहिलं होतं, ‘हावरट लोकांनी पैशासाठी झाडांवर कुऱ्हाड चालवली.’ सर म्हणाले, ‘हावरट हे तुला कुठे आढळलं? कोणत्या तक्त्यात?’

मी भांडले. तिथे प्लॉट पडलेत, घरं उभी आहेत, आणखी काय पुरावा पाहिजे! ‘घरं उभी आहेत एवढंच लिही. ती का बांधली हे तू कुणाला विचारलेलं नाहीस.’

चिडूनच बदललं. वाक्य अगदी वाळकं झालं — ‘बागांच्या जागी निवासी बांधकाम आढळते.’

२१ फेब्रुवारी

प्रस्तावना लिहिली. तासाभरात झाली! काय सापडलं ते ठाऊक असलं की सुरुवात कुठून करायची ते कळतं. निष्कर्षात नवीन काही घातलं नाही. संदर्भांची यादी अकारविल्हे लावता लावता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडत नव्हते. नुसते थकले होते डोळे.

२४ फेब्रुवारी

दिला! दिपमालाने चहा पाजला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शांत होत्या. पानं उलटत म्हणाल्या, ‘मांडणी स्वच्छ आहे. कुठून कुठे गेलीस ते कळतं.’ सर खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडेच.

मग बाईंनी विचारलं, ‘बागांच्या जागी बांधकाम, असं लिहिलं आहेस. शेवटची झाडं कुणाची होती? ती केव्हा गेली?’

म्हटलं, ‘माहिती मिळाली नाही, मॅडम.’

‘ठीक आहे. तसं सांगताही आलं पाहिजे.’

पास होईन. घरी आले. अम्मीने शिरा केला होता. खरं तर आता या विषयाचा वीट आलाय, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. अब्बा आले की विचारते.

१ मार्च

आपलीच होती. परसात, दोन झाडं. दादाजानच्या बागेतली राहिलेली.

मी लहान होते, मला आठवत नाहीत. अब्बा दोन्ही मोसमांत — झाडांना बोर असताना आणि नसतानाही — तिथे बाज टाकून बसायचे, असं अम्मी म्हणाली. मग मी शाळेत जायला लागले. एका खोलीत सगळे. मी पुस्तक काढलं की कुणीतरी दिवा घालवायचं.

‘पोरीला अभ्यासाला जागा पाहिजे होती,’ अब्बा म्हणाले. ‘म्हणून काढली.’ आणि हात धुवायला उठले.

त्या जागी ही खोली. सगळा रिपोर्ट मी इथेच बसून लिहिला.