बादली खाली काढू नका

बाबा,

शिंगरं आजारी नाहीत. काल मानेत लस टोचली म्हणून मान आखडलीय आणि अंग थोडं गरम आहे, एवढंच. दोन दिवसांत ठीक होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही नेहमीसारखा चारा जमिनीवर टाकलात. मान खाली जाईना म्हणून त्यांनी तोंड लावलं नाही, आणि जेवताना बोलणी मी खाल्ली, की चांगल्या जनावरांची वाट लावली.

सकाळी मी चाऱ्याची बादली खुंटीला अडकवली, त्यांच्या छातीएवढी उंच. भुरीने ती बघता बघता रिकामी केली. ठिपक्या अजून रुसलाय, पण पाणी प्यायला. घोड्याने मान खाली घालूनच खावं, हे तुमचं खरं. पण परवापासून.

ठिपक्याचं सांगायला मी दवाखान्यात जातेय. तासाभरात येते.

तुम्ही आठवडाभर बुटांच्या नाड्या न बांधताच हिंडताय, ते मला दिसतं. आल्यावर मी बांधते आणि तुम्हाला माणसांच्या डॉक्टरांकडे नेते. वाकता येत नाही, हे शिंगरांना सांगता येत नाही. तुम्हाला येतं.