बोटीतला फ्यूज

पुष्पलता,

तुझा फोन इथे चार्जिंगला आहे आणि तो मला उघडता येत नाही, म्हणून चिठ्ठी. बाजाराची पिशवी खाली ठेवायच्या आधी वाच.

मी दातिवऱ्याला निघालोय. शेठच्या बोटीवर तुझा भाऊ कुंदन एकटा आहे आणि फोन उचलत नाही. परवा तो म्हणाला होता, "भावजी, बातरूमचं पाणी जात नाय, पंपाचा फ्यूज सारका उडतो." पंपात केस अडकले होते. ते काढायचे सोडून मी फ्यूजच्या जागी, घरी करतो तशी, जाड तार घातली. म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं आणि सगळं ठीक आहे असं जाहीर केलं. वर त्याला सांगितलं, बारा व्होल्टने काही होत नाही. शॉक बसत नाही, हे खरं. पण पंप अडकला की वायर तापून पेटते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीला टेकून जाते. हे मला आज दाढी करताना आठवलं.

दुपारी शेठचे पाहुणे येणार. त्याआधी कुंदन पंप चालवून बघेलच.

मोटारसायकलने मला तास लागेल. तुझ्या आई तिथेच धक्क्याजवळ मासळी सुकवत असतील. त्यांचा नंबर मी वीस वर्षांत घेतला नाही. तू त्यांना फोन करून बोटीकडे पाठव. कुंदनला म्हणावं, जिन्यामागचा बॅटरीचा लाल खटका बंद कर आणि बोटीवरून उतर.

आईंना कारण सांगू नकोस.

नाही, सांग. माझं नाव घेऊन सांग. कारण कळलं नाही तर त्या हातातलं काम संपवून जातील.