एका छपराचे दोन भाव

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तिला बासष्ट हजार. आम्हाला एक लाख अठ्ठेचाळीस! एकच घर, एकच छप्पर, सासऱ्यांनी एकाच आठवड्यात चढवलेले सिमेंटचे पत्रे. वाटणीत मधे भिंत आली. तिकडे धाकटी जाऊ राजनंदिनी, इकडे मी. खोल्या दोन-दोन. टेप लावून मोजा, वीतभरही फरक निघणार नाही. मग पत्रे काढायचा भाव दुपटीच्या वर कसा?

हे म्हणाले, "असेल काहीतरी कारण." धाकट्या भावाचा विषय निघाला की यांचं हेच. असेल काहीतरी कारण!

५ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

विक्रमभाऊजी त्यांच्या बाजूला स्लॅब टाकून दुमजली बांधताहेत. त्यासाठी जुने पत्रे उतरवायचे. आमच्या मांजरी गावात आजवर कितीतरी घरांचे उतरले. माणसं यायची, हातोडीने फोडायची, टेम्पोत भरायची, संपलं. राजनंदिनीला ते चालत नाही! त्यात ॲस्बेस्टॉस असतं, फोडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात, पंचवीस-तीस वर्षांनी दुखणं काढतात. म्हणून तिने सदाशिव पेठेतला एक माणूस शोधलाय, रीतसर काम करणारा. आणि भिंतीवर तिचे-माझे पत्रे एकमेकांवर चढलेले, म्हणून आमचेही त्याच वेळी काढायचे. "ताई, दोघींचं एकदाच होऊन जाईल." बोलायला काय जातं? भाऊजी कंपनीत मोठ्या पगारावर. हे शाळेची व्हॅन चालवतात, मी ब्लाउज शिवते.

सगळ्यांना लगेच पटलं पण! सासूबाई तिच्याकडेच राहतात. म्हणाल्या, "नंदी म्हणती म्हंजी बरोबरच आसंल." माझं काही बरोबर होतं, असं त्या बावीस वर्षांत एकदाही म्हणाल्या नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेजस्विनी कॉलेजातून आली ती थेट भिंतीपलीकडे, काकूकडे. दीड तास हसण्याचे आवाज. मुलगी माझी! माझ्याशी काय बोलते — "जेवायला काय आहे?"

९ फेब्रुवारी, रविवार

आधी त्याच्या माणसाने मोजमाप घेऊन भाव कळवला होता; आज तो सदाशिव पेठेतला स्वतः घर बघायला आला. अनिरुद्ध करंदीकर. किडकिडीत, पन्नाशीचा, चपला दाराबाहेर जोडीने लावून ठेवणारा. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, "भाव घर बघून सांगता की माणूस बघून?"

म्हणाला, "माणूस बघून सांगितला असता तर आपला आणखी वाढला असता."

हे हसले! यांना मी नंतर बोललेच.

मग त्याने शिडी लावली आणि एकेक दाखवत गेला. चौरस फूट दोघींचे सारखे, त्याचे पैसे सारखेच धरलेत. पत्र्याचा तुकडा तपासायला पाठवला, तो खर्च अर्धा-अर्धा. खरा फरक पुढे. तिचे पत्रे शाबूत आहेत. पाणी मारून भिजवायचे, हुकांचे नट सोडवायचे, अख्खेच्या अख्खे खाली घ्यायचे. आमचे सात तडकलेले, डांबराच्या पट्ट्या मारलेले, शिवाय डिशच्या अँटेनासाठी पाडलेली भोकं. "तुटका पत्रा अख्ख्यापेक्षा महाग असतो. हात लावला की भुगा. माणसं जास्त, दिवस जास्त, दुहेरी पिशव्या."

तिच्या दारात ट्रक उभा राहतो. आमच्याकडे तीन फुटी बोळ, सगळं हातावर वाहून न्यायचं. ती घर रिकामं करून भाड्याच्या फ्लॅटमध्ये चाललीय. आम्ही आतच राहणार, म्हणजे कपाटं, भांडी, माझी दोन मशिनं, गिऱ्हाइकांचं कापड — सगळं प्लास्टिकने बंद करायचं, आधी एक खोली मग दुसरी, असं अर्धं-अर्धं काम. आणि कचरा कुठेही टाकायचा नाही. घातक कचऱ्याची ठरलेली जागा लांब आहे, तिथे वजनावर पैसे.

शेवटी त्याने आमचं फॉल्स सीलिंग बोटाने वाजवलं. "सगळ्यात महाग हे. वरच्या तडकलेल्या पत्र्यांचा भुगा इतकी वर्षं याच्यावर साठलाय. आता हेही घातक कचऱ्यातच जाणार. कोणाची कल्पना?"

माझीच कल्पना! २०१६ साली तिने चकचकीत फरशी बसवली, पाहुणे तिकडेच बसायला लागले. म्हणून मी पंधरा दिवस यांच्या मागे लागून सीलिंग करून घेतलं. आत पिवळे दिवेसुद्धा. पाहुणे तरीही तिकडेच बसले.

१० फेब्रुवारी, सोमवार

तुटका पत्रा अख्ख्यापेक्षा महाग. दिवसभर मशीनच्या आवाजात हेच वाक्य ऐकू येतंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईसाहेब फ्लॅटवर गेल्या. चौथा मजला, लिफ्ट. सासूबाई टेम्पोत पुढच्या सीटवर बसून अशा निघाल्या, जशा काही माहेरी! तेजस्विनी सामान लावायला गेली आणि संध्याकाळी फोन — "आई, मी काकूकडेच राहते गं थोडे दिवस. तिकडे पुढच्या आठवड्यात सगळं प्लास्टिकच लावणार ना."

निघताना राजनंदिनी माझ्याकडे आली होती. "ताई, तुम्ही दोघं पण चला ना. तीन खोल्या आहेत. घर रिकामं मिळालं तर तुमचा भाव उतरेल, करंदीकर म्हणाले."

"आमचं आम्ही बघून घेऊ," म्हटलं.

तिने कधी भांडावं तरी! इतक्या वर्षांत एकदा तरी तोंड वाकडं करावं, म्हणजे मला चार माणसांत सांगता येईल, बघा, ही अशी आहे. तेही देत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मी काय केलं ते इथेच लिहिते. दुसरीकडे कुठे सांगणार?

दुपार. हे व्हॅन घेऊन गेलेले. तिच्या बाजूला कोणी नाही. बांधकामाचं सामान राखायला भाऊजींनी भैरू म्हणून एक माणूस ठेवलाय, तोही जेवायला गेलेला. तिच्या मागच्या पडवीचा उतार इतका खाली की स्टुलावर चढलं की पत्र्याला हात पोचतो. खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेऊन मी गेले. एक ठोका मारून परत यायचं, असंच मनात होतं.

पहिल्या ठोक्याला नुसता 'ठण्ण'. दुसऱ्याला तडा. मग मला थांबताच येईना! फरशीसाठी एक. सासूबाईंसाठी एक. तेजस्विनीच्या हसण्यासाठी दोन. पाच की सहा पत्रे फुटले. राखाडी धूळ केसांत, तोंडात, ब्लाउजच्या आत. लागू दे तिलाही जास्तीचे पैसे! बघू दे, महाग म्हणजे काय!

घरी येऊन अंघोळ केली. बत्ता घासून जागेवर ठेवला. आणि चहा करून प्यायले — खरंच, निवांत बसून प्यायले.

१६ फेब्रुवारी, रविवार

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "पित्त असेल."

१७ फेब्रुवारी, सोमवार

करंदीकर माणसं घेऊन आला, काम सुरू करायला. भाऊजी आणि राजनंदिनी फ्लॅटवरून आलेले. करंदीकर मागे जाऊन बघतो तर — "हे पत्रे नऊ तारखेला मी पाहिले तेव्हा शाबूत होते. आता इथला भाव बदलेल. शिवाय पडवी आधी धुऊन-पुसून घ्यावी लागेल, भुगा जमिनीवर पसरलाय."

भाऊजी भैरूवर धावले. "तुला राखायला ठेवलंय की झोपायला? सळया टाकताना फोडलेस ना?"

भैरू नुसता हात जोडून उभा. "देवाशपथ मी नाय, सायेब. मी जेवाया गेल्तो." पांढऱ्या केसांचा माणूस, भाऊजींच्या वडिलांच्या वयाचा. भाऊजी म्हणाले, "तुझ्या मजुरीतून कापतो आणि उद्यापासून येऊ नकोस."

मी भिंतीपाशी उभी होते. तोंड उघडायचं होतं. खरंच उघडायचं होतं. नखाने भिंतीचा पोपडा काढत राहिले.

आणि राजनंदिनी म्हणाली, "त्याला काही बोलू नका. माझ्याकडून फुटले."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "शनिवारी मी आईंची औषधाची पिशवी न्यायला आले होते. वरचा बांबू ओढायला गेले, तो पत्र्यांवर पडला."

करंदीकर तुटक्या कडांकडे बघत म्हणाला, "बांबू भलताच चिडका दिसतोय." पण पुढे काही बोलला नाही.

भैरूने तिला वाकून नमस्कार केला. तिने खोटं का बोलावं? संध्याकाळपर्यंत हेच. मग उलगडलं — मोठेपणा! दुसरं काय! फुटके पत्रेसुद्धा तिला वापरता येतात. मी फोडले, आणि गोड झाली ती!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिचा भाव एक लाख सात हजार झाला. तरी आमच्याहून कमीच.

इतका आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भैरू सकाळी बोळातून जाताना म्हणाला, "धाकल्या वैनी लई मोठ्या मनाच्या." मी दार लावून घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काम चालू. माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, नाकातोंडावर जाड मुखवटे. पाण्याचा फवारा मारत मारत एकेक पत्रा बाळासारखा दोन हातांवर खाली देतात. कुठे ठोका नाही, आवाज नाही. तिच्या पडवीपाशी मात्र दोन दिवस गेले. एक माणूस गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने जमीन पुसत होता. फडकं पुसून झालं की तेही पिशवीत. इंच इंच पुसत होता. मी खिडकीतून बघत होते — प्लास्टिकच्या आडून. इतकं जपून पुसायचं असतं ते?

तेजस्विनीचा फोन. "आई, तू ठीक आहेस ना? काकू रोज विचारते, ताईला खोकला वगैरे नाही ना."

माझी एवढी चौकशी कशाला? मुलीला म्हटलं, "तुझ्या काकूला सांग, मी ठणठणीत आहे."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आमची बाजूही उतरली. सीलिंग गेलं, पिवळ्या दिव्यांसकट. नवे लोखंडी पत्रे चढेपर्यंत एक दिवस खोलीवर नुसतं आभाळ. हे म्हणाले, "हवा बरी आहे नाही?" मला रडूच फुटलं. यांना वाटलं खर्चामुळे. म्हणाले, "अगं, फेडू आपण." मी म्हटलं, हो.

यांना सांगायला हवं. भैरूलाही. शब्द जुळवते आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

राजनंदिनी आली होती. बसली नाही. एक कागद दिला — छातीच्या डॉक्टरांची वेळ, गुरुवारी अकरा वाजता. नाव माझं.

म्हटलं, "मला काय झालंय?"

"काही झालं नसेल. एका दिवसाने होत नाही, असं करंदीकर म्हणाले. पण त्या दुपारी मी मागच्या फाटकापाशीच उभी होते, ताई. तुम्ही नाकातोंडाला साधा पदरसुद्धा लावला नव्हता. मला त्या दिवसापासून झोप नाही."

मी उंबऱ्यावर बसले. ती शेजारी बसली. म्हणाली, "गुरुवारी मीही येते बरोबर."